तोतारामनं गाळलेला थोरला

खरं सांगा, अगदी छातीवर हात ठेवून सांगा. तुमच्याच घरातल्या माणसाचं तुमच्याच देखत चार लोकांनी कौतुक केलं, तर तुम्हाला गोड लागतं का? परक्याचं विचारत नाही. परक्याचं कौतुक आपण मान डोलवत ऐकतो, वर चहा पितो आणि घरी जातो. घरातल्याचं विचारतोय. जे माणूस रोज तुमच्या ताटात भाकरी वाढतं, ज्याला तुम्ही "तुला काय कळतं" म्हणून दिवसातून दोनदा गप्प करता, त्याच्याभोवती एक दिवस लोक गोळा झाले आणि तुम्हालाच म्हणाले, "जरा सरका हो, ऐकू येत नाही", तर?

उत्तर लगेच देऊ नका. आधी तोतारामचं ऐका.

तोताराम भिकन सोनवणे. जळगावात पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाजवळ त्याचं सायकलचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, एक हवेचा पंप, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि वर टांगलेल्या जुन्या टायरांची माळ. मूळ गाव चाळीसगाव तालुक्यातलं, बाप सालदार. शाळा त्यानं पाहिली ती बाहेरून. आत जायचं जमलं नाही. अक्षरं शिकला ती बाजारातल्या पाट्यांवरून. कोणतं दुकान कशाचं हे आधीच ठाऊक असायचं, मग वर काय लिहिलं असेल हे ताडायला किती वेळ लागतो? पुढं एका कंपाउंडरनं त्याला शुभवर्तमानाचं एक फाटकं पुस्तक दिलं. ते त्यानं बोट ठेवून, ओठ हलवत, दीड वर्षात संपवलं. संपलं तेव्हा दोन गोष्टी झाल्या होत्या. त्याला वाचता येऊ लागलं होतं, आणि त्यानं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं होतं. यातली आधी कोणती झाली, हे त्यालाही सांगता येत नाही.

अशा माणसाला अक्षराचा गर्व असतो. असावाच. ज्यांना अक्षर फुकट मिळालं, त्यांनी त्याला हसू नये.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक यायचे आणि बदली होऊन जायचे. बोलायचे छापील मराठी. नशिराबादच्या बायका उपासनेत माना हलवायच्या आणि बाहेर आल्यावर एकमेकींना विचारायच्या, "काय म्हने व ते?" म्हणून दर गुरुवारी घरोघरी जी प्रार्थना व्हायची, तिथं शास्त्रातली गोष्ट सांगायचं काम तोतारामकडं आलं. सायकलवर टांग मारून तो कुठंकुठं जायचा. नशिराबाद, असोदा, आणि सायकल पॅसेंजरमध्ये टाकून पार चाळीसगावकडची त्याची स्वतःची गावं. सांगायचा अर्धी मराठीत, अर्धी अहिराणीत. आवाज असा की रेल्वे फाटकावर मालगाडी जात असतानासुद्धा त्याचं ऐकू यायचं.

त्याची नाव काढलेली गोष्ट एकच. बापाला दोन मुलगे, त्यातला धाकटा आपला वाटा मागतो, परमुलखात उधळतो आणि डुकरांच्या गव्हाणीशी येऊन बसतो, ती. तोताराम सांगायचा तेव्हा ती गव्हाण दिसायची. पोरगा परत फिरायचा, आणि म्हातारा बाप धोतराचा सोगा वर धरून, चप्पल मागं टाकून, भर गावातून पळत सुटायचा. तोताराम स्वतः दोन पावलं पळून दाखवायचा. बाप पोराला मिठी मारायचा, वाजंत्री लागायची, जेवणावळ बसायची. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. तोताराम पुस्तक मिटायचा.

इथंच तर गोम होती. गोष्ट तिथं संपत नाही. ज्यांनी शास्त्र वाचलंय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी नाही त्यांनीही बोटं मोजावीत: मुलगे दोन होते. थोरला कुठं गेला? थोरला शेतात होता. संध्याकाळी घरी येतो, वाजंत्री ऐकतो, गड्याला विचारतो, आणि रागानं बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. आणि शास्त्र तिथंच थांबतं. तो आत गेला की नाही गेला, एक अक्षर नाही.

सुरुवातीला तोताराम हेही सांगायचा. पण त्याच्याच गावाकडं एकदा छगनआबा नावाच्या म्हाताऱ्यानं बिडी विझवत विचारलं, "मंग मोठा आंडोर घरमा गया का नही?"

मोठा मुलगा घरात गेला की नाही? तोताराम अडला. पानं उलटली, पालटली. म्हणाला, "लिहिलेलं नाही, आबा."

"मंग काय अर्धीच गोष्ट सांगी राहिना का रे भो?" म्हातारा म्हणाला आणि अख्खं अंगण हसलं. रडायला आलेली माणसं हसत घरी गेली. त्या दिवसापासून तोतारामनं थोरल्याला गोष्टीतून काढून टाकलं. अठरा वर्षं. घरीसुद्धा.

घरी म्हणजे लताबाईसमोर. लताबाई त्याची बायको. पोरगी धुळ्याला नर्सिंग शिकायला गेल्यापासून घरात दोघंच. लताबाईला अक्षर येत नव्हतं, पण लग्न झाल्यापासून रोज सकाळी ती चुलीपुढं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची आणि तोताराम उंबऱ्यावर बसून मोठ्यानं शास्त्र वाचायचा. तिचे हात भाकरीवर आणि कान त्याच्याकडं. मधेच विचारायची, "म्हणजे ती बाई विहिरीवर भर दुपारी एकटीच का आली हो?" तोताराम म्हणायचा, "तुला काय कळतं, पुढं ऐक." ती पुढं ऐकायची. पण विचारलेलं विसरायची नाही.

आता अठ्ठ्याऐंशी सालचा श्रावण. नशिराबादला द्रौपदाबाईच्या घरी प्रार्थना होती. द्रौपदाबाई विधवा, दोन म्हशींची मालकीण, तोंडानं फटकळ. तिच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणूस सहज बसायचं. आदल्या दिवशी दुकानावर एका गिऱ्हाइकाशी तोतारामचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ओरडून ओरडून त्याचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा. त्यानं खुणेनं सांगितलं, आज गाणं म्हणा, प्रार्थना करा आणि सुटा.

द्रौपदाबाई म्हणाली, "असं कसं? म्हशी सोडून बसलोय आम्ही. लताबाई, तू सांग गं. तू तर रोज ऐकतेस फुकटात."

"मला कुठं येतं," लताबाई म्हणाली. म्हणाली आणि सांगायलाच लागली.

तिनं एका बाईची गोष्ट सांगितली. दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडते, ती. शास्त्रात ही गोष्ट असून नसल्यासारखी. दोन-तीन ओळींत संपते. तोतारामनं ती कधी सांगितली नव्हती. त्यात पळायचं काही नाही, रडायचं काही नाही. पण लताबाईनं सुरू केलं ते स्वतःच्या नाकातल्या फुलीपासून. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी फुली पडली. घर अंधारं, जमीन शेणाची. तिनं उतरंड खाली काढली, कणग्या हलवल्या, गोधड्या झटकल्या, केर चाळणीनं चाळला. सासू म्हणाली, एवढीशी तर फुली. "एवढीशी तुम्हाला," लताबाई म्हणाली, "नाक माझं उघडं ना." बायका हसल्या. सापडली तेव्हा ती दारात जाऊन ओरडली, अख्खी गल्ली गोळा झाली, चहा करावा लागला, फुलीपेक्षा साखरच जास्त गेली. "तर देव असाय," ती म्हणाली. "पाठीचा काटा ढिला होईस्तोवर वाकून झाडतो. आणि सापडलं की शहाण्यासारखा गप बसत नाही, गल्ली गोळा करतो."

 द्रौपदाबाई नाक शिंकरत म्हणाली, "माय व!" आणि मागून एक माणूस तोतारामच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "भाऊ, जरा सरका ना. वहिनी दिसत नाहीत."

तोताराम सरकला. सरकला तो थेट ओसरीच्या खांबामागं.

घरी येताना सायकलच्या कॅरिअरवर लताबाई मागं बसली होती. तो फुसफुसत म्हणाला, "देवाला केर काढणारी बाई केलंस."

"मी कुठं केलं? तुम्हीच वाचलं होतं."

"मी वाचलं होतं तसं नव्हतं ते."

"बरं," ती म्हणाली. तिचं ते "बरं" त्याला महामार्गभर टोचत राहिलं.

घसा आठवड्यात सुटला, पण आठवड्यात जग बदललं होतं. लोक दुकानावर ट्यूब टाकायला यायचे आणि विचारायचे, "गुरुवारी वहिनी येणार ना?" नवे पाळक जीवरामसाहेब, तिशीतला गृहस्थ, स्कूटरवर फिरायचा, त्यानं भर उपासनेत सांगितलं, की नशिराबादला एका भगिनीनं वचन थेट चुलीजवळ नेलं. वचन चुलीजवळ रोज कोण वाचत होतं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

शेजारी जब्बारचं सीट-कव्हर शिवायचं दुकान होतं. जब्बार सुई दातात धरून म्हणाला, "क्या उस्ताद, सुना भाभी ने आपकी गादी ले ली?"

"गादी कसली आली. बायकांना बायकांचं आवडतं."

"नशिराबादहून लीलाधर आला होता माझ्याकडं. तो बाई आहे का?"

"तू तुझं शिव."

"शिवतोच आहे. पण तुम्ही त्या चाकाचा आऊट काढताय का घालताय? अर्धा तास झाला, अजून डुगडुगतंय."

खरंच डुगडुगत होतं, रिमचा वाकडेपणा निघत नव्हता. ज्या माणसाच्या हातचं चाक डोळे मिटून सरळ व्हायचं, त्याच्या हातून त्या महिन्यात तीन चाकं परत आली.

आणि मग तोतारामनं एक काम केलं. सांगायला नको वाटतं, पण सांगितलंच पाहिजे. त्यानं बायकोला मारलं नाही, शिवी दिली नाही, प्रार्थनेला यायला बंदी केली नाही. तेवढं केलं असतं तर लोकांनी त्याला धरलं असतं. त्यानं केलं ते कोणाला दिसणार नाही असं केलं. तो सकाळी शास्त्र मनात वाचायला लागला.

उंबऱ्यावर बसायचा, पुस्तक उघडायचा, ओठ हलवायचा. आवाज नाही. भाकरीचा थपथप आवाज तेवढा घरात. विहिरीचं पाणीच बंद करायचं, मग घागर कशी भरते बघू, असा हिशेब होता त्याचा.

पहिल्या दिवशी लताबाईनं मान वर केली. "आज शास्त्र मुकं का?"

"घसा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला झाडताना तर हा घसा फाटकापर्यंत ऐकू येतो."

त्यानं पान उलटलं. त्यानंतर तिनंही विचारलं नाही. भाकरी मात्र त्या दिवसांपासून जरा जाड यायला लागली. गणपती बसले, उठले, नवरात्र गेलं. दर गुरुवारी लताबाई काही ना काही सांगायची आणि लोक तिच्याभोवती बसायचे. तोताराम भिंतीला टेकून ऐकायचा आणि आतून मोजायचा: हे मागच्या वर्षी मी वाचलेलं, हे दोन वर्षांपूर्वीचं. संपेल. कधीतरी संपेलच. संपत नव्हतं.

दिवाळीनंतर कापणीचा सण आला. आमच्याकडच्या मंडळ्यांत हा सण मोठा. ज्वारीची कणसं, कपाशीची बोंडं, केळीचे घड, भरताची वांगी, कोणाची कोंबडी, कोणाची अंडी, ज्याच्या घरात जे पिकलं ते वेदीपुढं आणून ठेवायचं. वर्षभर प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी बाईनं मूठभर धान्य बाजूला टाकलेलं मडकंही त्याच दिवशी येतं. सगळ्या गावांच्या मंडळ्या चाळीसगावला जमतात, मंडप पडतो, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी शिजते, आणि जेवणाआधी एक गोष्ट होते. ती गोष्ट तोतारामची. पहिल्या वर्षीपण तोतारामची आणि अठराव्या वर्षीपण. त्याच्या आयुष्यात दुसरा कुठला मान नव्हता. ना कुठल्या कमिटीवर, ना कुठल्या पंचात. वर्षातून एक अर्धा तास पाचशे माणसं त्याच्या तोंडाकडं बघायची, तेवढीच काय ती त्याची जहागीर.

सणाच्या आठ दिवस आधी जीवरामसाहेबांची स्कूटर दुकानापुढं थांबली.

"तोतारामभाऊ, हवा भरा जरा. आणि एक विचारायचं होतं. यंदा गोष्ट वहिनींनी सांगितली तर? दोन मुलांचीच. गोष्ट तुमच्याच घरात राहते की, बाहेर कुठं जाते?"

तोतारामनं पंपाचा दांडा खाली दाबला. "विचारा तिलाच."

"तुमची परवानगी..."

"माझी कशाला? मी कोण?"

स्कूटरच्या टायरमध्ये हवा इतकी भरली गेली की पाळकाला पिंप्राळ्यात थांबून काढावी लागली.

सणाच्या दिवशी दोघं पॅसेंजरनं चाळीसगावला गेले. लताबाईच्या मांडीवर मुठीच्या धान्याचं मडकं.  मंडपात पोचल्यावर तोताराम आत बसलाच नाही. बाहेर, जिथं चुलाणांवर पातेली चढली होती, तिथं आचाऱ्याजवळ जाऊन उभा राहिला. आचारी तोंडओळखीचा, भटू. त्यानं विचारलं, "आत नाही का भाऊ? आज तुमचीच ना?"

"धूर बघू दे," तोताराम म्हणाला.

आत लताबाई उभी राहिली. साडी साधी, डोक्यावर पदर, हात कुठं ठेवायचे ते कळेना म्हणून पोटावर बांधलेले. तिनं सुरू केलं. धाकटा गेला. गव्हाणीशी बसला. परत फिरला. बाप पळाला, ती काही पळाली नाही, नुसती म्हणाली, "म्हातारपणी गुडघे कसे करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तसे करत होते. तरी पळाला." बाहेर धुरात उभ्या तोतारामला आपल्या त्या दोन पावलांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जास्तच राग आला.

जेवणावळ बसली, वाजंत्री लागली. इथं पुस्तक मिटायचं. लोकांनी पदर डोळ्यांना लावले. पण लताबाई बसेना. उभीच.

"मुलगे दोन होते," ती म्हणाली. "दुसऱ्याचं पाळकसाहेबांकडून ऐकलंय मी, रागावला म्हणून. पण आमच्या ह्यांच्या तोंडून नाही ऐकलं. आणि मी जे सांगते ते सगळं ह्यांच्या तोंडचं. त्यांनी वाचलं नसेल ते मला सांगताच येत नाही, जीभच उठत नाही. तर ते बाहेर उभे आहेत. मी घेऊन येते."

आणि ती चक्क मंडपातून बाहेर आली. पाचशे माणसांच्या माना तिच्या मागं वळल्या. वाट करून देत देत ती चुलाणांपाशी आली.

"चला आत," ती हळू म्हणाली.

"तुला बोलावलंय. मला नाही."

"मी बोलावतेय ना."

"जा तू. लोक थांबलेत तुझ्यासाठी."

"अहो, दोन महिने घरात शास्त्र मुकं आहे. मला वाचता येत नाही, पण कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

मग तोतारामचा बांध फुटला. त्याचा आवाज मी आधी सांगितलाच, त्याला कर्णा लागत नव्हता. "अठरा वर्षं!" तो ओरडला. "अठरा वर्षं पावसाचिखलात सायकल मारत गावोगाव गेलो! कोणाचं ऐकलं नाही असं झालं नाही! कधी मला म्हणाला का कोणी, ये तोताराम, बस, चार घास सुखानं खा? कधी एक फूल दिलं? आणि तू! तू काल आलीस! चुलीपुढून उठून आलीस, आणि तुझ्यासाठी मांडव, तुझ्यासाठी वाजंत्री, तुझ्यासाठी जेवणावळ!"

म्हणाला आणि थबकला. कारण तो वाचणारा माणूस होता. हे शब्द कोणाचे आहेत ते त्याला ठाऊक होतं. शेतातून आलेला, अंगणात उभा राहिलेला, गड्याला विचारणारा. ज्याला त्यानं अठरा वर्षं गोष्टीबाहेर ठेवलं होतं, तो त्याच्याच तोंडून बोलून गेला होता.

लताबाई त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही. ती घरातल्या बोलीत म्हणाली, "मन्हाजोडे जे शे, ते बठ्ठं तुमनंच शे."

माझ्याजवळ आहे ते सगळं तुमचंच. हे ती शिकून आली नव्हती. तोतारामनं ते तिला कधी वाचून दाखवलं नव्हतं. पण त्या म्हाताऱ्या बापानं थोरल्याला अंगणात जे सांगितलं, ते हेच.

आणि मंडपात टाळ्या पडल्या.

होय, टाळ्या! लोकांना वाटलं, नवरा-बायकोनं मिळून गोष्ट बसवली आहे. एकानं बाहेरून थोरला व्हायचं, दुसरीनं आतून येऊन बाप. "वा तोतारामभाऊ!" "काय आवाज लावला!" "काटा आला हो अंगावर!" आयुष्यभरात मिळाल्या नसतील एवढ्या टाळ्या त्याला त्या एका मिनिटात मिळाल्या, आणि त्या त्याच्या जळण्याला होत्या.

गलका उतरला तसा पुढच्या रांगेतून एक बारीक, चिरका आवाज आला. छगनआबा. नव्वदीला टेकलेला, नातवाच्या खांद्यावर हात टाकून उभा. "मंग," तो म्हणाला, "मोठा आंडोर घरमा गया का नही?"

सगळे हसले. तोताराम आता काही बोलेल म्हणून थांबले.  लताबाई म्हणाली, "बट्टी गार होतेय," आणि आत निघून गेली.

तो उभाच.  भटूला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं वरण शिजलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, असे मधे उभे राहू नका. हा कान धरा पातेल्याचा, एकट्यानं उचलत नाही."

तोतारामनं खांद्यावरचा पंचा गुंडाळला, पातेल्याचा कान धरला आणि वरणाची वाफ तोंडावर घेत, आडवा आडवा चालत, मंडपात शिरला. शास्त्रात हे लिहिलेलं नाही. पण चाळीसगावला असं झालं.

इथं संपवलं असतं तर तोताराम फार चांगला माणूस ठरला असता. तो तेवढा चांगला नव्हता. पुढचे चार दिवस त्यानं लोकांना तसंच समजू दिलं. "काय बसवलं हो!" म्हटलं की मान हलवायचा, "हं, जमलं जरा." जब्बार म्हणाला, "उस्ताद, आपण तर कलाकार निघालात," तर त्यालाही त्यानं तेच सांगितलं. चाकाचा आऊट मात्र अजून निघत नव्हता.

गुरुवारी नशिराबादला द्रौपदाबाईनं फर्मान काढलं, "ते चाळीसगावचं इथं करून दाखवा. मी त्या दिवशी पाठीमागं होते, भांडी होती माझ्याकडं."

तोताराम अंगणात उभा राहिला. लताबाई ओसरीवर. तो म्हणाला, "अठरा वर्षं..." आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "अठरा वर्षं..." आवाज पोकळ निघाला, फुटक्या ट्यूबसारखा. ओसरीवर कोणी खोकलं. तो खाली बघत म्हणाला, "ते नाटक नव्हतं, द्रौपदाअक्का. मी खरंच जळत होतो. हिला गोष्ट मिळू नये म्हणून मी घरात वाचायचं बंद केलं होतं. आणि अजून जळतोच आहे, खोटं कशाला बोलू."

द्रौपदाबाई म्हणाली, "माहीत आहे मला. भांड्यांपाशी होते तिथून तेवढंच दिसलं, नाटकात माणसाच्या मानेच्या शिरा एवढ्या फुगत नसतात. बस खाली, चहा घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाई चुलीपुढं बसली आणि तोताराम उंबऱ्यावर. त्यानं पुस्तक उघडलं, जिथं कायम मिटायचा तिथंच. मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. थोरला शेतात होता तिथून. ती भाकरी थापत ऐकत राहिली. बापाचं वाक्य आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"असंच आहे होय?" ती म्हणाली. "मग मी काही वेगळं नाही म्हणाले."

जळणं पुन्हा आलंच. पण तो वाचत राहिला, आणि भाकरी पूर्वीसारखी पातळ आली.

तर मी सुरुवातीला जे विचारलं, त्याचं उत्तर तुमच्याजवळच ठेवा. मला नको. माझं दुसरंच मागणं आहे. पिंप्राळ्याच्या फाटकाकडून कधी गेलात, तर सायकल असो नसो, तोतारामच्या दुकानापुढं थांबा. त्याला दोन मुलांची गोष्ट विचारा. आता तो शेवटपर्यंत सांगतो, आणि थोरल्याचा भाग आला की त्याच्याएवढा कोणी सांगत नाही. तेवढं ऐकून घ्या. फक्त एक करा: लताबाई कशा आहेत, असं आपण होऊन विचारू नका. पान्हा खाली ठेवून तो स्वतःच तिचं नाव काढतो. त्याला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ थांबा.